एक सारा अकबर दाखवली म्हणजे हिशेब मिटला का?

१९९१ च्या फेब्रुवारीत इराकी सैन्य कुवेतमधून माघारी फिरलं, ते सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवून. दुपारी अंधार पडायचा, धुराचा पट्टा आखाती देशांवर पसरलेला. हे सगळं विझायला कित्येक वर्षं लागतील असं तेव्हा जाणकार सांगत होते. प्रत्यक्षात ६ नोव्हेंबर १९९१ ला शेवटची पेटलेली विहीर बंद झाली, म्हणजे काम सुरू झाल्यापासून आठेक महिन्यांत. पुढच्या वर्षी डेव्हिड डग्लस यांचा ‘फायर्स ऑफ कुवेत’ हा माहितीपट आला. आयमॅक्सच्या प्रचंड पडद्यासाठी केलेली ३६ मिनिटांची फिल्म. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. ती आग पुढे जगाला जशी आठवत राहिली, त्यात या फिल्मचा वाटा मोठा आहे.

या फिल्मबद्दल आपल्यातले शिकलेसवरलेले लोक बोलतात तेव्हा एक गोष्ट हमखास सांगतात: बघा, त्यात सारा अकबर आहे. कुवेत ऑइल कंपनीची इंजिनिअर. आग विझवणाऱ्या कुवेती पथकातली एकमेव बाई, आणि मुसलमान. टेक्ससच्या गोऱ्या वीरांच्या गर्दीत आपलीही एक बहीण उभी आहे. विविधता झाली, प्रतिनिधित्व झालं, आता आणखी काय पाहिजे?

पुष्कळ काही पाहिजे. त्यासाठीच हे लिहितोय.

आधी सारा अकबर यांच्याबद्दल. त्यांचं महत्त्व कमी करायचा माझा अजिबात इरादा नाही. कुवेत विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंग करून त्या १९८१ पासून तेलक्षेत्रात कामाला होत्या. इराकी कब्जाच्या काळातही त्या देश सोडून गेल्या नाहीत. विहिरी पेटल्या तेव्हा त्यांच्या गाठीला दहा वर्षांचा अनुभव होता. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘ग्लोबल ५००’ सन्मान त्यांना मिळाला, आणि २००५ मध्ये ‘कुवेत एनर्जी’ ही कंपनी उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. मुसलमान बाई म्हटली की बुरखा, तलाक आणि बिचारेपणा यापलीकडे ज्यांची नजर जात नाही, त्यांना हे नाव जरूर ऐकवा. मोहल्ल्यातल्या ज्या अब्बांना मुलीनं फील्डवरची नोकरी करू नये असं वाटतं, त्यांना आधी ऐकवा.

पण त्या फिल्ममध्ये आहेत म्हणून ‘आपण’ फिल्ममध्ये आहोत, हे मला मान्य नाही. सारा अकबर कुवेतच्या नागरिक, तेल कंपनीच्या इंजिनिअर. आपले लोक त्या आगीजवळ कुठल्या कामाला होते? आपला मामू कुवेतला कोण म्हणून गेला होता? ड्रायव्हर, वेल्डर, पाइप फिटर, हेल्पर, मेसमधला आचारी. आपला आणि सारा अकबर यांचा मजहब एक आहे, पण पासपोर्ट एक नाही, पगाराचं पाकीट एक नाही. कफीलच्या ताब्यात पासपोर्ट देऊन अकामा कधी लागतोय याची वाट बघणाऱ्या माणसाचं प्रतिनिधित्व त्याच देशाची नागरिक कसं करणार? हा त्यांचा दोष नव्हे. दोष आपल्या हिशेबाचा आहे. आपण चेहऱ्याचा धर्म मोजतो आणि हाताचं काम मोजायचं राहून जातं.

तेलविहिरीची आग विझते कशी, हे जरा नीट समजून घेऊ. त्याशिवाय कोण गाळलं गेलं ते कळणार नाही.

पडद्यावर दिसतो तो शेवटचा टप्पा. पत्र्याच्या आडोशामागून पाण्याचे फवारे मारत माणसं ज्वाळेकडे सरकतात. लांब दांड्याच्या टोकाला स्फोटकांचा पिंप बांधून तो ज्वाळेजवळ नेतात. स्फोट होतो, क्षणभर हवेतला ऑक्सिजन संपतो, आग विझते आणि काळं तेल कारंज्यासारखं उडायला लागतं. मग विहिरीच्या तोंडात निमुळती नळी घुसवून जड चिखल दाबायचा आणि तोंड बंद करायचं. हंगेरीच्या पथकानं तर रणगाड्यावर मिग विमानाची दोन जेट इंजिनं बसवून आणली होती. ज्वाळेवर पाणी मारून ती विझवायची. हे सगळं थरारक आहे, ते करायला छाती लागते, यात वाद नाही.

पण त्याच्या आधीचं काम बघा. वाळवंटात पाणी नाही. मग तेल बंदरावर नेणाऱ्या पाइपलाइनी उलट्या चालवून समुद्राचं पाणी आत आणलं. ते साठवायला विहिरींजवळ मोठमोठे खड्डे खणून त्यांत प्लास्टिक अंथरलं. पाइप जोडणं, पंप बसवणं, रस्ते करणं, डिझेलचे टँकर चालवणं, हजारो माणसांना राहायला छावण्या आणि तीन वेळचं जेवण. या सगळ्यासाठी अमेरिकेच्या बेक्टेल कंपनीनं अनेक देशांतून हजारो कामगार आणले, त्यांत फिलिपिनो आणि भारतीय उपखंडातले लोक होते. आणि या साऱ्याच्याही आधी सुरुंग काढायचे. इराकी सैन्यानं कुवेतभर सुरुंग पेरून ठेवले होते. ते काढायला देशाचे विभाग पाडून वेगवेगळ्या देशांना वाटून दिले होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्याबरोबर इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेश. वाळूत पोटावर पडून सुरुंग शोधणाऱ्यांत कितीतरी मुसलमान होते. त्यांच्यावर आयमॅक्स फिल्म कुणी केली?

आयमॅक्सचा त्या काळचा कॅमेरा म्हणजे अवजड धूड, आणि त्यातलं एक रीळ जेमतेम तीन मिनिटांत संपायचं. त्यामुळे कॅमेरा कशासमोर चालू करायचा, हा रोज पैशाचा आणि निवडीचा प्रश्न होता. निवड ज्वाळेची झाली. जी माणसं ज्वाळेच्या सर्वांत जवळ होती, ती अर्थातच पडद्यावर आली. पाइप ओढणारा माणूस कडेला कुठेतरी दिसतोही, मी नाही म्हणत नाही. पण तो दिसतो पंप दिसतो तसा. त्याला नाव नाही, त्याचा आवाज नाही.

यावर दोन युक्तिवाद नेहमी होतात. पहिला: छत्तीस मिनिटांत सगळ्यांना कसं दाखवणार? बरोबर आहे, नाही दाखवता येणार. म्हणूनच कुणाला दाखवलं आणि कुणाला नाही याला अर्थ आहे. जागा भरपूर असती तर हा प्रश्नच आला नसता. दुसरा युक्तिवाद जास्त गोड आहे: आगीला धर्म नसतो, जात नसते, तिथे फक्त कौशल्य चालतं. हे मला पटतं. फक्त आगीपुरतं पटतं. पगाराला पासपोर्ट असतो, विम्याला असतो, आणि कॅमेऱ्यालाही असतो हे आपण बघतोच आहोत. शिवाय कौशल्य म्हणजे तरी काय? शंभर अंशांच्या आसपास तापलेल्या पाइपाला जोड देणाऱ्या वेल्डरकडे कौशल्य नाही, असं कुणी ठरवलं?

याच आगीवर वेर्नर हेर्झोग या जर्मन दिग्दर्शकानंही फिल्म केली, ‘लेसन्स ऑफ डार्कनेस’, तीही १९९२ ची. जगभरचे सिनेमावाले तिला डोक्यावर घेतात. डोळे दिपतील अशी चित्रं आहेत, पार्श्वभूमीला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आहे. कुवेतचं नाव त्यात घेतलेलंच नाही. जणू हा कुठला तरी परका ग्रह आहे. बर्लिनच्या महोत्सवात तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती, की तुम्ही भीषण गोष्टीला सुंदर करून विकताय. माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. देशाचं नाव पुसलं की तिथे राबायला आलेल्या माणसाचं नाव विचारायची जबाबदारीही आपोआप संपते. परग्रहावर मजूर नसतात. डग्लसच्या फिल्ममध्ये निदान माणसं कुठल्या देशातून आली ते कळतं.

आणि या सगळ्याच्या मागे जुनी चौकट आहे. तेलविहिरीच्या आगीचा हिरो कोण, हे १९६८ मध्येच ठरलं. ‘हेलफायटर्स’मध्ये जॉन वेननं रेड अडेअर या टेक्ससच्या आग विझवणाऱ्यावर बेतलेली भूमिका केली, तेव्हापासून हिरो टोपीवाला अमेरिकन. त्या गोष्टीत मुसलमानाला दोनच जागा मिळतात. एक तर आग लावणारा, नाहीतर चेकवर सही करणारा शेख. विझवणाऱ्यांच्या रांगेत तो बसत नाही. १९९१ मध्ये इराणचं पथक आलं होतं, चीनचं आलं होतं, कुवेतचं स्वतःचं होतं. पण लोकांच्या डोक्यात चित्र टेक्ससचंच राहिलं.

इथवर बोट त्यांच्याकडे होतं. आता जरा स्वतःकडे वळवू, कारण आपणही धुतल्या तांदळासारखे नाही.

आखाती युद्धाच्या त्या दिवसांत देशभरातल्या कित्येक मुस्लिम घरांत मुलांची नावं सद्दाम ठेवली गेली. अमेरिकेला भिडणारा मर्द म्हणून. आज ती मुलं पस्तिशीच्या आसपास आहेत आणि नोकरीच्या मुलाखतीत त्या नावाची किंमत मोजतायत. जरा विचार करा. ज्या हुकूमशहाच्या सैन्यानं कुवेत लुटलं, विहिरी पेटवल्या, ज्याच्यामुळे आपलीच पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं रातोरात बेघर झाली, जॉर्डनच्या छावण्यांत उन्हात पडली आणि एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून जास्त जणांना परत आणावं लागलं, त्याचं नाव आपण मुलांना दिलं. आणि जो मामू सगळं गमावून परत आला आणि वर्षभरात पुन्हा त्याच कुवेतला गेला, त्यानं तिथे नेमकं काय काम केलं हे आपल्याला माहीत नाही. कोण विसरलं त्याला? हॉलिवूड?

त्या सुटकेवर २०१६ मध्ये ‘एअरलिफ्ट’ आला. अक्षय कुमार, रणजित कटियाल नावाचा काल्पनिक पंजाबी उद्योगपती. प्रत्यक्षात ज्यांनी धावपळ केली त्यांत केरळचे मथुनी मॅथ्यूज यांच्यासारखे लोक होते. मल्याळी माणसांनी लगेच विचारलं, आमचा माणूस कुठे गेला? परराष्ट्र खात्याच्या लोकांनी विचारलं, आमचे अधिकारी असे दाखवले कसे? कोकणातून कुणी काही विचारलं? रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम वस्त्यांतून दोन-तीन पिढ्या आखातात गेल्या. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रोहा, कुठल्याही मोहल्ल्यात जा, दुबई-कुवेतच्या पैशावर बांधलेलं घर दिसेल. घरात टाइल्स कुठल्या बसवल्या ते आपण पाहुण्यांना सांगतो. ज्या माणसाच्या फुप्फुसातून त्या टाइल्स आल्या, त्याचं काम सांगताना ‘कंपनीत होता’ एवढ्यावर थांबतो. आणि जिनं वीस वर्षं एकटीनं सासू-सासरे, शेत, पोरांच्या शाळा सांभाळल्या, तिच्याबद्दल तेवढंही बोलत नाही.

अजून एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. युद्धाआधी कुवेतमध्ये चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी राहत होते. शिक्षक, इंजिनिअर, कारकून. युद्धानंतर त्यांतल्या बहुतेकांना तो देश सोडावा लागला, कारण त्यांच्या नेत्यांनी सद्दामची बाजू घेतली होती. काढणारे मुसलमान, जाणारे मुसलमान, आणि पुढच्या काळात तिथली कितीतरी कामं करायला गेलेलेही पुष्कळ मुसलमान. म्हणून म्हणतो, फक्त पडद्यावर मुसलमान चेहरे मोजून काही हाती लागत नाही.

मी हे लिहितोय पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमधून. इथे ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा भावे जन्मले, ज्यांनी अरबी शिकून मुळातून कुरआन वाचलं आणि त्यातल्या निवडक आयतींचं पुस्तक काढलं. त्यांच्या भूदानाची सुरुवात सगळ्यांना पाठ असते: १८ एप्रिल १९५१, तेलंगणातलं पोचमपल्ली, रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन दिली. देणाऱ्याचं नाव पक्कं. पण विनोबांसमोर उभं राहून ‘आम्हाला ऐंशी एकर पाहिजे’ असं सांगितलं होतं चाळीस भूमिहीन दलित कुटुंबांनी. ती मागणी आली नसती तर रेड्डी उठून उभे राहिलेच नसते. त्या चाळीसांपैकी एक तरी नाव सांगा. मलाही सांगता येत नाही. त्या दिवशी तिथे कुठलं हॉलिवूड नव्हतं. आपल्याच देशातल्या चांगल्या, अहिंसक, साध्या माणसांनी लिहिलेला हा इतिहास आहे, आणि त्यातही देणारा नावासकट, मागणारा आकड्यासकट.

तेलाची आग इथून लांब नाही, हे इथल्या लोकांना कुवेतनं शिकवावं लागत नाही. शेजारच्या रोहा तालुक्यात नागोठणं आहे. उरणहून पाइपलाइननं येणाऱ्या वायूवर चालणारा आयपीसीएलचा कारखाना, आता रिलायन्सचा. ५ नोव्हेंबर १९९० ला तिथे वायूगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून जास्त माणसं गेली. कुवेत तेव्हा सद्दामच्या कब्जात होतं, सगळ्या वर्तमानपत्रांची पहिली पानं तिकडे लागलेली. आज त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे लागणाऱ्या आगरी, कुणबी, कातकरी, मुसलमान पोरांना विचारा, इथे १९९० मध्ये काय झालं होतं. बघा किती जणांना सांगता येतं.

बॉम्बे हायचं तसंच. २७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई बुडालेली, त्यामुळे या आगीकडे कुणाचं धड लक्षच गेलं नाही. ‘समुद्र सुरक्षा’ नावाचं जहाज ओएनजीसीच्या प्लॅटफॉर्मला धडकलं, वायूची नळी फुटली आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म जळून कोसळला. २२ माणसं गेली. ते जहाज प्लॅटफॉर्मजवळ का गेलं होतं माहीत आहे? जहाजावरच्या एका आचाऱ्याचं बोट कापलं होतं आणि त्याला उपचारासाठी वर पोचवायचं होतं. या अपघातावर देशोदेशीच्या सुरक्षा अभ्यासक्रमांत धडे आहेत. त्या धड्यांत जहाजाचं नाव आहे, प्लॅटफॉर्मचं नाव आहे, नळीचा प्रकार आहे. आचारी मात्र ‘एक आचारी’.

उरणला ३ सप्टेंबर २०१९ ला ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली, चौघे गेले, त्यांतले तिघे आग विझवायला धावलेले सीआयएसएफचे जवान होते. आसामात बाघजानची विहीर २०२० मध्ये पाच महिन्यांहून जास्त जळत राहिली. ऑइल इंडियाचे दोन अग्निशमन कर्मचारी तिथे मेले, आणि टीव्हीवर बातमी कशाची होती? सिंगापूरहून तज्ज्ञ आले त्याची.

यातल्या कुणावर मोठी फिल्म होईल याची मी वाट बघत नाही, तुम्हीही बघू नका. उद्या ओटीटीवर कुवेतच्या आगीवर नवीन मालिका आली आणि त्यात कुणी दाढीवाला भला मुसलमान फायरमन दाखवला, तर आपण पोस्टी टाकून खूश होऊ, एवढीच मला भीती आहे.

त्यापेक्षा एक साधं काम आहे. १९९१ मध्ये जो तिशीचा होता, तो आज पासष्टीच्या आसपास आहे. वेळ फार उरलेला नाही. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, गावात कुवेतला, सौदीला, बॉम्बे हायला, नागोठण्याला काम केलेला जो कुणी असेल, त्याच्यासमोर मोबाइल ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. किती कमावलंस हे विचारू नका, ते सगळ्यांनी विचारून झालंय. एजंटला किती दिले ते विचारा. पासपोर्ट कुणाकडे असायचा? सकाळी कितीला उठायचं, गाडीत किती जण बसायचे, हातात कुठलं हत्यार असायचं? धुरात नाका-तोंडाला काय बांधायचे? शेजारच्या खाटेवर कुठल्या देशाचा माणूस होता, त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचास? कोण मेलं, त्याचं सामान कुणी बांधलं, घरी कुणी कळवलं? मग चाचींना, खालांना वेगळं बसवून विचारा, कारण चाचा समोर असले की त्या बोलणार नाहीत. कोकणीत बोलतील, दख्खनीत बोलतील, मराठीत बोलतील, तसंच राहू द्या. शुद्ध करायला जाऊ नका. शेजारच्या वाडीतल्या हिंदू, बौद्ध, आदिवासी घरांतही तेच प्रश्न घेऊन जा, तिथेही त्यांना ते कुणी विचारलेले नाहीत.

आणि रेकॉर्डिंगला नाव देताना ‘एक कामगार’ असं लिहू नका. त्याला विचारा, आणि तो हो म्हणाला तर त्याचं पूर्ण नाव, गाव आणि काम लिहा.